हुतूतू म्हणायचं नाही

त्या मास्तरला मी पहिल्या दिवसापासून पाण्यात बघत होते. माणूस वाईट होता असं नाही, आणि तेच मला जास्त झोंबायचं. पांढरं स्वच्छ धोतर, काखेत एक पातळशी चोपडी आणि तोंडात कायम एकच वाक्य, ‘नियम असा आहे.’ अलिबागच्या बाजूने बदली होऊन आमच्या गावच्या शाळेत आला आणि दोन महिन्यांत आमच्या हुतूतूच्या संघात नाक खुपसून बसला. आमच्या गावात तोवर खेळायचं कसं हे विचारायला कोणी कोणाच्या दारात गेलं नव्हतं.

आमचं गाव कामोठ्याच्या अंगाला, खाडीला लागून. आज तिथे लिफ्टवाल्या सोसायट्या आहेत आणि माझ्या नातीला मी सांगितलं की तुझ्या क्लासच्या जागी मिठाच्या राशी होत्या, तर ती ‘हो का’ म्हणते आणि मोबाइलमध्ये बघते. तेव्हा एका बाजूला मिठागरं, दुसऱ्या बाजूला भाताची खाचरं आणि मधे चाळीसेक घरं. भात कापून झालं की देवळामागचं पटांगण मोकळं व्हायचं. तिथे आमचे सात गडी खेळायचे आणि आसपासच्या गावांना लोळवायचे.

मी बाईमाणूस. माझा हुतूतूशी संबंध काय, असं लोक विचारायचे, घरातलेच विचारायचे. संबंध एवढाच की माझा धाकटा भाऊ त्या संघाची चढाई करायचा, आणि मला दुसरं कसलं वेड नव्हतं. आई आमची लवकर गेली, त्याला मीच कडेवर घेऊन वाढवला. पुढे लग्नही गावातच झालं, सासर आणि माहेर यांच्यामध्ये चार घरं. सकाळी म्हावऱ्याची, म्हणजे मासळीची, पाटी घेऊन पनवेलच्या बाजारात बसायचं, दुपारी परत, आणि उन्हं कलली की मी पटांगणाच्या बांधावर. बाजारात ओरडून ओरडून माझा आवाज असा झाला होता की मी बांधावरून बोलले तर खाडीतल्या होडीतला माणूस मागे वळून बघायचा. सासू म्हणायची, देवाने हिला तोंड दिलं तेव्हा माप घ्यायचं विसरला.

आमच्या गावची एक रीत होती, ती मी दुसरीकडे कुठे पाहिली नाही. आपला गडी समोरच्यांच्या अंगणात शिरला की बांधावरचं सगळं गाव त्याच्याबरोबर दम धरायचं. तो तिकडे ‘हुतूतू तूतूतू’ करत पुढे सरकतोय, आणि आम्ही इकडे तेच, त्याच्याच लयीत. ज्याचा दम तुटेल तो गप्प व्हायचा. एकेक आवाज गळत जायचा, म्हातारे आधी, मग बाप्ये, मग बाया, आणि शेवटी माझा एकटीचा उरायचा. भाऊ म्हणायचा, छाती फुटायला आली की मला तुझा आवाज येतो आणि मी आणखी दोन पावलं आत जातो. खोटं नाही सांगत, त्या दोन पावलांवर आम्ही कितीतरी सामने मारले असतील.

मग संघाला दृष्ट लागली. एक जण गोदीत नोकरीला लागला आणि मुंबईचाच झाला. एकाचा गुडघा गेला. आमचा डाव्या कोपऱ्यातला गडी, ज्याने पाय धरला की सुटायचा नाही, तो उरणला घरजावई म्हणून गेला आणि चार महिन्यांनी त्यांच्या संघातून आमच्याच विरुद्ध उभा राहिला. मी त्याच्या बायकोसमोर त्याला जे काय बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही. त्या वर्षी आम्ही हरलो ते हरतच गेलो. ज्या गावांना आमच्यापुढे उभं राहायला लाज वाटायची, त्यांनी आमच्यावर लोण चढवले.

अशा वेळेला हा मास्तर चोपडी उघडून देवळाच्या ओट्यावर बसला. सगळं गाव जमलेलं.

“संघ नव्याने बांधावा लागेल,” तो म्हणाला.

“बांदायला ते काय कुंपन हाय?” मी मागून म्हटलं. बाया हसल्या. मास्तर हसला नाही, रागावलाही नाही. त्याने चोपडीत बोट घालून पान शोधलं आणि सांगितलं, की आता सगळीकडे एकच नियम झालाय. पनवेलला, ठाण्याला, पुण्याला. खेळाचं नाव कबड्डी, आणि दम घ्यायचा तोही कबड्डी म्हणूनच. हुतूतू म्हणायचं नाही. म्हटलं तर पंच शिट्टी मारून गड्याला परत पाठवणार, त्याने समोरचे चार गडी मारलेले असले तरी ते मेलेले धरणार नाहीत.

आता मला सांगा, ज्या माणसाने जन्मात कधी चढाई केली नाही, तो हे सांगणार. मी बांधावर बसून वीस वर्षं दम धरलाय, मला ठाऊक आहे. हुतूतूला ओठांचा चंबू होतो, श्वास आपला थेंबाथेंबाने गळतो, पुरवून पुरवून वापरता येतो. कबड्डी म्हणताना ‘ब’ला ओठ मिटतात आणि उघडताना फुस्सकन वारा बाहेर जातो. दहा वेळा कबड्डी म्हणा आणि दहा वेळा हुतूतू, छाती तुम्हालाच सांगेल. ज्याने कोणी हा नियम केला तो नक्की पंख्याखाली बसून बोलणारा असणार. हे मी त्या सभेत म्हटलं आणि आजही म्हणते.

“ताई, तुमचं खरं असेल,” मास्तर म्हणाला, “पण नियम असा आहे.”

संघ कसा बांधावा यावर माझं म्हणणं अगदी साधं होतं आणि ते मी जो भेटेल त्याला ऐकवायचे, गिऱ्हाइकालासुद्धा. जे जुने तीन-चार उरलेत त्यांना हात लावू नका. त्यांच्याभोवती गावातलेच तरणे उभे करा. दोन वर्षं हरा, काही बिघडत नाही, पण बाहेरचा गडी आणू नका, कारण बाहेरच्याला आमचा बांध काय बोलतो ते कळत नाही. मास्तरने नेमकं याच्या उलट केलं. पलीकडच्या गावातून एक उंच ताडमाड गडी आणला. हात गुडघ्यापर्यंत, बोलायला गोड, आणि जीभ अशी सफाईदार की कबड्डी कबड्डी कबड्डी म्हणताना एक अक्षर इकडचं तिकडे होत नसे. मास्तर त्याच्यावर खूश. मी त्याचं नाव बगळा ठेवलं, आणि आठवड्याभरात सगळं गाव त्याला बगळा म्हणायला लागलं, तोही बिचारा हाक मारली की ओ द्यायचा.

इथपर्यंत नुसती कटकट होती. मग कळलं की मास्तर माझ्या भावाला राखीव ठेवणार आहे.

का, तर त्याची जीभ वळत नाही. हे मात्र खरं होतं. आमच्या बोलीत अशी जोडाक्षरं दाबून बोलायची सवयच नाही. भाऊ म्हणायचा ‘कबडी’, कधी ‘गबडी’, आणि दम भरात आला की घसरून सरळ हुतूतूवर यायचा. वीस वर्षांची जीभ ती. सरावात मास्तर मधेच शिट्टी मारायचा, आणि माझा भाऊ, ज्याच्यापुढे गावंच्या गावं पळायची, मान खाली घालून परत रेघेवर यायचा.

आणि राखीव बसणं म्हणजे नुसता मान जाणं नव्हतं. तेव्हा रबाळ्याकडे कारखाने उभे राहायला लागले होते. त्यातल्या एकाला स्वतःचा कबड्डीचा संघ हवा होता. खेळाडूला कायमची नोकरी, राहायला खोली आणि खेळायचा पगार. त्यांचा साहेब शिमग्याच्या आधी पनवेलच्या स्पर्धेला येणार आणि गडी निवडणार, असं पक्कं कळलं होतं. भाऊ तेव्हा तिशीला टेकला होता. मिठागरात राबणाऱ्या माणसाचे पाय ज्याने पाहिलेत त्याला वेगळं सांगायला नको. टाचांना भेगा, भेगांत मीठ, संध्याकाळी खोबरेल चोळताना तो दात आवळून बसायचा. वैद्याने सांगितलं होतं की आणखी चार-पाच हंगाम मिठात उभा राहिलास तर चालणं कठीण होईल. मिठातून बाहेर पडायची वाट त्याच्यापुढे एकच होती, आणि तिच्या तोंडावर हा चोपडीवाला बसला होता.

दुसऱ्या दिवशी मी बाजाराला गेलेच नाही. पाटी घेऊन तशीच शाळेत शिरले. मुलं पाढे म्हणत होती, मला बघून गप्प झाली.

“मास्तर, माज्या भावाला कशाला बसवलाव?”

“मी मुद्दाम नाही बसवलं. त्याचा दम बाद धरला जाईल, ताई. साहेबासमोर तसं झालं तर त्याचंच नुकसान होईल.”

“तुमी आमाला नुकसान शिकवताव? तुमच्या पायाला कदी मीठ लागलाय?”

मास्तरने हातातला खडू खाली ठेवला. मला वाटलं आता हा गप्प झाला, म्हणून मी आणखी चढले. त्याच्या धोतरावरून बोलले, चोपडीवरून बोलले, एकटा राहतो त्यावरूनही बोलले. वर्गातली मुलं ऐकत होती. खिडकीत दोन बाया येऊन उभ्या राहिल्या होत्या. शेवटी मी पाटी त्याच्या टेबलावर आदळली आणि म्हटलं, माझा भाऊ खेळला नाही तर एकही बाई आपलं पोर शाळेत पाठवणार नाही, आणि हे मी करून दाखवीन.

त्याने टेबलावरचं माशाचं पाणी फडक्याने पुसलं. मग म्हणाला, “ठीक आहे, खेळवतो. पण माझ्या दोन अटी आहेत. त्याने जीभ वळवायची. आणि गावाने बांधावरून दम धरायचा नाही. एकदम गप्प बसायचं. त्याच्या कानावर तो शब्द पडता कामा नये.”

मी हो म्हटलं. जिंकले होते ना, मग हो म्हणायला काय जातंय.

पुढचे दीड महिने भावाने जी मेहनत घेतली ती मी डोळ्यांनी पाहिलीय. मिठागरात फावडं ओढताना कबड्डी. पाण्याचं दार उघडताना कबड्डी. जेवताना घास तोंडात असताना कबड्डी, म्हणून बायकोच्या शिव्या. मास्तर संध्याकाळी त्याला वेगळा घेऊन बसायचा. सुपारी गालात ठेवून म्हणायला लावायचा, घागरीत तोंड घालून म्हणायला लावायचा. एकदा मी चोरून बघितलं तर मास्तर स्वतः धोतर खोचून पटांगणात पळत होता, कबड्डी कबड्डी, आणि दहा पावलांत धापा टाकत खाली बसला. भाऊ पोट धरून हसत होता. मला ते काही आवडलं नाही. मास्तरबरोबर त्याला असं हसताना बघून माझ्या अंगाचा तिळपापड झाला.

पण जीभ वळली. शिमगा पंधरा दिवसांवर आला तेव्हा भावाच्या तोंडातला शब्द बगळ्याइतकाच स्वच्छ येत होता. मास्तरने त्याला सातांत घेतलं. बगळाही सातांत होता. दोघांनी आळीपाळीने चढायचं ठरलं.

स्पर्धेच्या आदल्या सकाळी मी मिठागरावर भावाला भाकरी द्यायला गेले. तो राशीपाशी उभा होता. भाकरी घेतली आणि म्हणाला, “बाय, तू उद्या फकस्त गप रव.”

“आता गप काय, मी काय तोंड शिवून येव?”

“बाकी गाव काय पन बोलू दे. मना त्यांचा कोनाचा ऐकू येत नाय. तुजा येतो.”

आमच्यात मिठावर हात ठेवून घेतलेली शपथ म्हणजे शेवटची. नवराबायकोच्या भांडणातही कोणी सहसा घेत नाही. मी त्या राशीवर हात ठेवला आणि म्हटलं, नाही बोलणार. तळहाताला चिकटलेलं मीठ मी घरी येईपर्यंत झटकलं नाही.

पनवेलला आम्ही दोन बैलगाड्या आणि बाकीचे पायी असे गेलो. मैदानाला चुन्याच्या रेघा, पंचाच्या गळ्यात शिट्टी, एका बाजूला खुर्च्या. खुर्च्यांवर कारखान्याचा साहेब, टोपीवाला, सोबत एक कारकून कागद घेऊन. समोर पनवेलचाच संघ, सगळे एका रंगाच्या बंड्या घालून. आमच्या गड्यांच्या बंड्यांवर मास्तरने शाईने आकडे काढले होते. घाम आला तशी शाई ओघळायला लागली आणि पनवेलचे लोक हसायला लागले. मी तोंडात पदराचा बोळा कोंबला होता. गावातल्या बाया माझ्याकडे बघून एकमेकींना कोपर मारत होत्या.

असा मुका सामना मी कधी पाहिला नाही. आमचं सगळं गाव रेघेबाहेर उकिडवं बसलेलं आणि एक अवाक्षर नाही. भाऊ आत शिरला की माझी छाती आपोआप दम धरायची आणि मी तो घशात गिळायचे. तो खेळला मात्र असा की मी जन्मात विसरणार नाही. पाठीमागून आलेल्या गड्याला लाथेने टिपला, साखळी करून आलेल्या दोघांच्या हातांखालून निसटला. बगळ्याची पकड झाली तेव्हा एकट्याने डाव ओढला. आणि तोंडात सारखा कबड्डी, एकदाही चूक नाही. साहेब खुर्चीतून पुढे वाकून बघायला लागला. त्याने कारकुनाला काहीतरी सांगितलं, कारकुनाने भावाच्या छातीवरचा ओघळलेला आकडा वाचायचा प्रयत्न केला आणि लिहिला. मी ते पाहिलं. मास्तरनेही पाहिलं, आणि माझ्याकडे वळून पहिल्यांदाच हसला.

शेवटची चढाई उरली. आम्ही एका गुणाने मागे, समोर त्यांचे तीन गडी. भाऊ गेला.

एकाला त्याने लगेच हात लावला. बरोबरी झाली होती, मागे फिरला असता तरी चाललं असतं. पण तो आणखी आत गेला, कारण दुसरा कोपऱ्यात एकटा पडला होता. त्याला पायाने शिवला आणि वळला, तेवढ्यात तिसऱ्याने त्याच्या कमरेला मिठी घातली. भाऊ पडला. रेघ चार हात लांब. कबड्डी कबड्डी चालू, पण आवाज बारीक होत चालला होता. त्याचा दम मला ओळखता येतो, तो तळाला लागला होता. मला ते स्वतःच्या छातीत कळलं. पदराचा बोळा कधी बाहेर पडला मला ठाऊक नाही.

मी ओरडले. हुतूतू. एकदा नाही, धरूनच ठेवला, हुतूतू तूतूतू, सगळ्या मैदानावर माझा एकटीचा आवाज.

भावाने झटका दिला. कमरेचा गडी फरफटत आला, आणि भावाचा हात रेघेवर पडला. दोन गडी मारून, तिसऱ्याला ओढून आणला होता त्याने. आमचं गाव उठून नाचायला लागलं. पण शिट्टी मधेच वाजली होती. पंच हात हलवत आला आणि म्हणाला, दम बाद. गडी शेवटी हुतूतू म्हणाला.

मग मी जे काही केलं ते सांगायलाच बसलेय तर सांगते. मी मैदानात घुसले आणि सरळ मास्तरला धरलं. पंचाला नाही, मास्तरला. सगळ्या गावापुढे, त्या साहेबापुढे, मी त्याला म्हटलं की तुझ्या चोपडीने माझ्या भावाचं वाटोळं केलं. तू त्याची जीभ बिघडवलीस. धड ती राहिली नाही, धड ही आली नाही. सुपाऱ्या चघळायला लावून कोणी खेळाडू होतो का? गाव माझ्या मागे उभं राहिलं. पुरुष मंडळीही बोलायला लागली, कोणीतरी त्याची चोपडी ओढून घेतली आणि फाडली.

मास्तर माझ्याकडे बघत होता. तो पहिल्या रांगेत, माझ्यापासून चार हातांवर बसला होता. त्याने माझा आवाज ऐकला नाही असं होणं शक्य नव्हतं. मी त्याच्या तोंडाकडे बघत होते आणि वाट बघत होते की आता हा बोलणार.

“चूक माझी आहे,” तो म्हणाला. “मी त्याला नीट तयार करू शकलो नाही.”

मग तो साहेबाकडे गेला आणि बराच वेळ हात जोडून बोलत राहिला. भावाकडे बोट दाखवत होता. साहेब मान हलवत होता, नको नको अशी. कारकुनाने कागदावर एक रेघ मारली. जाताना त्यांनी बगळ्याला बोलावून घेतलं.

परत येताना मी गाडीत बसून कामोठ्यापर्यंत मास्तरच्या सात पिढ्या काढल्या. तो गाडीत नव्हता, मागून एकटा चालत येत होता. भाऊ पुढे गाडीवानाशेजारी बसला होता. लोक त्याला विचारत होते, तुजी जीभ कशी रं घसरली. तो म्हणाला, घसरली.

त्यानंतर बायांनी पोरं शाळेत पाठवायची कमी केली. मी सांगितलं नव्हतं. पण नका करू असंही नव्हतं सांगितलं. उन्हाळ्यात मास्तरने बदली मागून घेतली. पेणच्या पुढे कुठल्याशा गावी गेला म्हणे. एसटी पकडायला निघाला तेव्हा भाऊ त्याची ट्रंक डोक्यावर घेऊन रस्त्यापर्यंत गेला. मी दारातूनच बघितलं आणि म्हटलं, गेला एकदाचा. संघ मग कोणी बांधला नाही. दोन-तीन वर्षं पोरं आपली अशीच खेळली, मग पटांगणावर पंचायतीची खोली उभी राहिली.

भाऊ मिठातच राहिला. वैद्याने सांगितलं होतं तसंच झालं, चार-पाच हंगामांत त्याला काठी लागली. मी मात्र मास्तरला सोडलं नव्हतं. काही वाईट झालं की मला तो आठवायचा. एकदा दुपारी मी भावाच्या टाचेला खोबरेल चोळत होते, भेगांत मीठ भरलेलं, तो दात आवळून बसलेला, आणि मी नेहमीसारखी सुरू झाले. त्या मेल्या मास्तरने असं केलं, त्या मेल्या मास्तरने तसं केलं.

“बाय, पुरे,” तो म्हणाला. त्याचा आवाज कधी चढत नसे, तेव्हाही चढला नाही. “त्याचा काय दोस नाय. त्या दिशी तुजा आवाज आयकला, न मना वाटला मी आपलेच पटांगनान हाय.”

माझा हात थांबला. खोटं कशाला लिहू, मला हे ठाऊक होतं. शिट्टी वाजायच्या आधीपासून ठाऊक होतं. त्यालाही ठाऊक आहे हे मात्र मी इतकी वर्षं स्वतःला कळू दिलं नव्हतं.

“मंग कोनाला बोलला का नाय?”

“मास्तर बोलले, नको सांगू. बोलले, तुना त्याच गावान रवाचा हाय, न तिला पन.”

मी तेलाची वाटी खाली ठेवली. त्याने दुसरा पाय पुढे केला आणि मी तो चोळला. पेण काही लांब नव्हतं. पनवेलहून सकाळची एसटी होती, संध्याकाळी परत येता आलं असतं. मी गेले नाही.